माले बोलू द्या!

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

माझी सारी नोकरी तापीकाठच्या गावांत, विकास सोसायट्यांचा, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थांचा, गटसचिव म्हणून झाली. आता निवृत्त आहे, पण सप्टेंबर लागला की अजूनही पोटात गोळा येतो. मार्चअखेरचे हिशोब झाले की सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. आणि सभा म्हटली की गावोगावी एक माणूस ठरलेला. खुर्चीवर तो बसत नाही, मागच्या दाराशी उभा राहतो. सचिवानं इतिवृत्त वाचायला घेतलं रे घेतलं, की तिकडून आरोळी येते, "चेअरमन, माले बोलू द्या!"

मग जे होतं ते तुम्हाला पाठ आहे. चेअरमन म्हणतात, "आप्पा, खाली बसा." आप्पांचा आवाज चढतो. पुढच्या रांगेतले चौघे "मंजूर, मंजूर" सुरू करतात. हे चौघे आधीच ठरवून बसवलेले असतात. मला ठाऊक आहे, त्यांना सांगून ठेवायचं काम माझ्याकडेच असायचं. दहा मिनिटांत ताळेबंद मंजूर, नफावाटणी मंजूर, आणि मंडळी वरण-बट्टीच्या पंगतीला.

आमच्या एका गावचे आप्पा असेच तीन वर्षं ओरडले. म्हणायचे, "मन्हा पैसा कोठे गया?" आम्ही हसायचो. चौथ्या वर्षी सभेच्या आठवडाभर आधी मी खतावणी, म्हणजे सभासदांच्या खात्यांची वही, सायकलला बांधली आणि त्यांच्या मळ्यात गेलो. खाटेवर बसून पावत्या लावल्या. त्यांच्या कर्जाच्या एका हप्त्याचा भरणा त्याच नावाच्या दुसऱ्या सभासदाच्या खात्यावर चढलेला निघाला. गावात त्या नावाचे तिघे होते. नोंद माझ्याच अक्षरातली. तीन वर्षं ज्याला आम्ही गोंधळ्या म्हणत होतो, तो एक साधा हिशोब विचारत होता, आणि चुकलेला मी होतो.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. सभेची नोटीस निघाली की जो ओरडणार हे माहीत आहे, त्याच्या घरी आधी जायचं. चहा घ्यायचा, प्रश्न लिहून घ्यायचा. उत्तर आपल्याकडे असेल तर तिथंच द्यायचं. नसेल तर सभेत त्याचं नाव घेऊन पहिल्यांदा त्यालाच बोलवायचं. ज्याला बोलावलं जातं, त्याला ओरडावं लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, सगळेच काही असे भोळे नसतात. खरं आहे. काही जण सभा उधळायलाच येतात, मागे कुणीतरी उभा असतो. अशा माणसाशी वाद घालू नका. त्याच्या हातात कोरा कागद द्या. "नाना, ठराव लिहून द्या. सूचक तुम्ही, अनुमोदक कोण?" अनुमोदकाचं नाव विचारलं की बऱ्याच वेळा मागची गर्दी एकदम पातळ होते. तरीही तो म्हणाला की सारं गाव माझ्या बाजूनं आहे, तर सांगा की एक पंचमांश सभासदांच्या सह्यांची लेखी मागणी आणा. कायद्यानं महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. सह्या आल्याच तर सभा घ्या, टाळू नका.

माईक मात्र कुणाच्या हातात देऊ नका. माईक धरणारा एक पोरगा ठेवा, तो बोलणाऱ्यापुढे माईक धरेल पण सोडणार नाही. हा उपाय मला फार उशिरा सुचला.

पिऊन आलेल्याबद्दल फार बोलत नाही. त्याला त्याचाच भाऊबंद बाहेर नेऊ शकतो, चेअरमन नाही.

चिडलेले चेअरमन कधी कधी म्हणतात, "ह्याचं सभासदत्वच रद्द करा." इतकं सोपं नाही ते. त्यासाठी खास सभा लागते, हजर मतदार सभासदांपैकी तीन चतुर्थांशांचा ठराव लागतो, त्या माणसाला आपली बाजू मांडू द्यावी लागते, आणि वर सहकार खात्याच्या निबंधकांची मंजुरी लागते. नुसतं मोठ्यानं बोलला म्हणून ह्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. अशाच एका गोंधळात मागच्या रांगेतली एक बाई उठली होती. नवरा वारल्यावर शेत तिच्या नावावर आलेलं, कर्जाचं काहीतरी विचारायचं होतं. दोनदा तोंड उघडलं, दोनदा आवाज बुडाला. पदर सावरून खाली बसली. पुढच्या वर्षी सभेला आलीच नाही. आप्पांच्या घरी मी गेलो, तिच्या घरी जायचं मला सुचलं नाही. ओरडणारा निदान दिसतो तरी.

आप्पांचं म्हणाल तर नोंद दुरुस्त झाल्यावर पुढच्या सभेत ते पहिल्या रांगेत बसले. ताळेबंदाचा एकेक आकडा ऐकून घेतला. मग ऐनवेळच्या विषयांत उठले आणि ओरडले, "चेअरमन, माले बोलू द्या! गेल्या साली बट्ट्या कच्च्या व्हत्या!" मी इतिवृत्तात तशी नोंद घेतली. सूचक आप्पा, अनुमोदक सर्व सभासद.

नमस्कार.