मान खाली घालणारी गिटार

श्रोतेहो, नमस्कार.

अकूस्टिक गिटारच्या पोटात हवा घुमायची असते, म्हणून तिच्या धडाला ठरावीक घेर आणि पोकळी लागते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये मात्र तारेचे कंपन पिकअप, म्हणजे तारांखाली बसवलेला चुंबकाचा भाग, टिपतो, त्यामुळे भरीव लाकडाला बाण, कुऱ्हाड, चांदणी असा कोणताही आकार दिला तरी आवाज निघायचा तो निघतोच. या मुभेचा फायदा कारागिरांनी गेली साठ-सत्तर वर्षे मनसोक्त घेतला आहे. अशा विचित्र आकाराच्या गिटारी काचेआड फार देखण्या दिसतात. त्या गळ्यात अडकवून दोन तास वाजवताना काय होते, याविषयी आज मला बोलायचे आहे.

गिटार वाजवताना डाव्या हाताने एकच काम करावे अशी अपेक्षा असते, आणि ते म्हणजे तारा दाबून सूर धरणे. गिटारची मान, म्हणजे वादक ज्याला नेक म्हणतात तो लांब दांडा, जर स्वतःच्या वजनाने जमिनीकडे झुकू लागला, तर त्याच हाताला हमालीही करावी लागते. हा त्रास सुरुवातीला जाणवत नाही. मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात. पाचव्या फ्रेटवरून बाराव्या फ्रेटकडे झपकन सरकताना आपण पकड क्षणभर सैल सोडतो; त्या क्षणात मान दोन बोटे खाली जाते आणि हात पोचतो तेव्हा तार ठरल्या जागी नसते. मग वादक नकळत अंगठा घट्ट रोवू लागतो, मनगट वळते, आणि कार्यक्रम संपता संपता अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागतो. आपला सराव कमी पडतो अशी समजूत करून घेणारे कितीतरी वादक मी पाहिले आहेत. बऱ्याचदा सराव पुरेसा असतो. पट्टा ज्यात अडकतो ते धडावरचे बटण चुकीच्या जागी असते.

हे का घडते ते समजायला घरात एक लांब पट्टी किंवा काठी पुरते. ती एका बोटावर आडवी तोला. जिथे ती स्थिर राहते तिथे तिचा गुरुत्वमध्य आहे. आता तिच्या एका टोकाला एखादे नाणे चिकटवा, की बोट त्या टोकाकडे सरकवावे लागते. गिटारचेही असेच आहे. ती आडवी धरून मानेखाली बोट सरकवत नेले, तर बहुतेक गिटारी मान धडाला मिळते तिथे किंवा त्याच्या थोड्या पुढेमागे तोलल्या जातात. गळ्यात अडकवल्यावर गिटार पट्ट्याच्या दोन बटणांवर लोंबते, आणि पट्टा खांद्यावरून सरकू शकत असल्यामुळे ती फिरत फिरत अशा स्थितीत येऊ पाहते, की तिचा गुरुत्वमध्य खांद्याच्या बरोबर खाली असेल. गुरुत्वमध्य दोन्ही बटणांच्या साधारण मधोमध पडला तर गिटार आडवी राहते, मागच्या बटणाकडे पडला तर मान वर उचलली जाते, आणि पुढच्या बटणाला चिकटून पडला तर मान खाली जाते. पट्ट्याचे खांद्याशी घर्षण आणि धडावर टेकलेल्या उजव्या हाताचा भार यांमुळे थोडी सूट मिळते. पण ती थोडीच.

म्हणून पुढचे बटण कुठे आहे, हा माझ्या मते गिटारच्या आकाराविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. १९५४ साली बाजारात आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचे वरचे शिंग, म्हणजे धडाचे मानेकडे निघालेले टोक, पुढे लांबवलेले आहे, इतके की त्यावरचे बटण बाराव्या फ्रेटच्या आसपास येते. ते शिंग शोभेचे वाटते, पण मानेच्या बाजूचा आधार पुढे नेण्याचे काम तेच करते. याच गिटारच्या पाठीला पोटासाठी आणि पुढच्या कडेला कोपराखालच्या हातासाठी उतार दिलेला आहे. आज आपल्याला हा आकार इतका नेहमीचा वाटतो, की तोही एके काळी विचित्रच होता हे विसरायला होते.

आता गिब्सन एसजी पाहा. १९६१ साली जाड धडाच्या लेस पॉल गिटारच्या जागी हे पातळ, दोन शिंगांचे धड आणले गेले. वरच्या फ्रेटपर्यंत हात मोकळा पोचावा म्हणून मान धडातून आणखी बाहेर काढली. धड हलके झाले आणि मान लांबवर गेली, म्हणजे गुरुत्वमध्य पुढे सरकला. त्यात पुढचे बटण शिंगाच्या टोकावर नसून मान जिथे जोडली आहे तिथे पाठीमागे असते. बाराव्या फ्रेटजवळच्या बटणाशी तुलना केली, तर आधार सुमारे १२ ते १४ सेंटीमीटर मागे गेला, आणि जवळजवळ गुरुत्वमध्यावरच येऊन बसला. एसजी हलकी असूनही तिची मान खाली जाते अशी तक्रार वादक करतात, तिचे मूळ हे आहे. हलकी गिटार म्हणजे आरामाची गिटार हा समज त्यामुळे मला पटत नाही. चार किलोंची पण तोललेली गिटार खांद्याला जड वाटते, तीन किलोंची न तोललेली गिटार हाताला छळते. खांदा रुंद पट्ट्याने सुखावता येतो, हाताला तसा उपाय नाही.

याच रचनेचा आणखी एक परिणाम आहे, जो फारसा कोणी बोलून दाखवत नाही. मान धडातून बाहेर आली की संपूर्ण फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेची फ्रेट बसवलेली पट्टी, डावीकडे सरकतो. तारेची लांबी तीच असते, पण पहिला फ्रेट शरीरापासून दूर जातो. लेस पॉलवर सहज पकडला जाणारा एफचा बार कॉर्ड, म्हणजे पहिले बोट सगळ्या तारांवर आडवे दाबून धरायचा स्वरसमूह, एसजीवर धरताना कोपर जास्त उघडावे लागते. लहान चणीच्या वादकाला हे अंतर पहिल्या पाच मिनिटांत कळते.

बाण आणि विजेच्या आकाराच्या गिटारींची गोष्ट थोडी वेगळी आहे. गिब्सनने १९५८ साली फ्लाइंग व्ही आणि एक्सप्लोरर या दोन गिटारी काढल्या, दोन्ही कोरिना या नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी लिंबा लाकडाच्या. त्या काळी त्या फारशा खपल्या नाहीत. उभे राहून वाजवायला व्ही तितकी वाईट नाही, कारण तिचे दोन्ही पंख ब्रिजच्या, म्हणजे धडावर तारा टेकतात त्या भागाच्या, बरेच मागे पसरतात आणि मानेला मागून थोडे तरी वजन मिळते. खरी पंचाईत बसल्यावर होते. नेहमीच्या गिटारला कमरेचा खळगा असतो आणि तो मांडीवर बसतो. व्हीला कंबरच नाही, तिची सरळ तिरपी कड मांडीवरून घसरगुंडीसारखी निसटते. हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक होते, म्हणून सुरुवातीच्या व्ही गिटारींच्या खालच्या कडेला खाचा असलेली रबराची पट्टी लावलेली असे. वादकांनी आपला मार्ग शोधला: उजवी मांडी दोन पंखांच्या बेचक्यात घालायची आणि मान वर तिरपी धरायची. ही बैठक शास्त्रीय गिटारवादकांच्या बैठकीच्या जवळ जाते, आणि खरे सांगायचे तर नेहमीच्या वाकून बसण्यापेक्षा ती पाठीला बरी असते. म्हणजे ज्या आकाराला बसायला नालायक म्हणून हिणवले जाते, तो योग्य रीतीने धरला तर उलट सोयीचा ठरतो.

एक्सप्लोररचे मागचे धड मोठे असल्यामुळे तोल साधारण जमतो. तिथे अडचण कडेची आहे. उजव्या हाताचा पुढचा भाग लाकडाच्या धारदार कडेवर तासभर टेकला की त्वचेवर लाल रेघ उमटते आणि करंगळीकडे मुंग्या येऊ लागतात. जिथे कड गोल केलेली नाही तिथे ही तक्रार असायचीच, मग ती गिटार चौकोनी असो की चांदणीची. लांब बाहीचा शर्ट हा यावरचा सर्वांत स्वस्त इलाज आहे.

१९६३ची फायरबर्ड तर या विषयाचा धडाच आहे. रे डीट्रिक या मोटारींच्या रचनाकाराने तिचा आराखडा केला आणि नेहमीच्या आकाराची दिशा उलटवली. त्यामुळे खालचे शिंग लांब आणि वरचे आखूड झाले. बटणाला पुढे जागा हवी असते नेमकी वरच्या बाजूला, आणि तीच बाजू कापली गेली. त्यात लांब हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या टोकाच्या फळीवर, मागे निघालेल्या, बँजोला असतात तशा वजनदार खुंट्या. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

या मोत्याचे गणित मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. माझ्याकडे टोकदार पंखांची एक गिटार होती, जेमतेम तोल सांभाळणारी. सूर पक्के राहावेत म्हणून मी तिला बंद डबीच्या भारी खुंट्या बसवून घेतल्या. सहा खुंट्यांत मिळून सुमारे १०० ग्रॅम वाढले. एवढ्याने काय होते, असे मला वाटले. पण त्या खुंट्या गुरुत्वमध्यापासून जवळजवळ ५५ सेंटीमीटर दूर होत्या, आणि धडाचे मागचे टोक फक्त ३० सेंटीमीटरवर. तरफेच्या नियमाने तो भार फेडायला मागच्या टोकाला १८० ग्रॅमच्या वर वजन लावावे लागले असते. पहिल्याच कार्यक्रमात मी तिसऱ्या गाण्यापर्यंत मान सावरत होतो आणि पट्टा माझी कॉलर ओढत होता.

यावर वादक सहसा खरबरीत चामड्याचा पट्टा सुचवतात. तो सरकत नाही हे खरे. पण गिटारचा कल तसाच राहतो, फक्त तो आता खांद्यावरच्या कापडाने पेललेला असतो. मागे शिसे भरण्यापेक्षा पुढच्या खुंट्या हलक्या करणे केव्हाही शहाणपणाचे, कारण तिथला प्रत्येक ग्रॅम लांब दांड्याच्या टोकाला असतो. बटणाची जागा बदलणेही परिणामकारक आहे, मात्र लाकडात स्क्रू घालण्यापूर्वी बारीक भोक पाडून घ्यावे आणि स्क्रूला थोडा साबण लावावा, नाहीतर कडक लाकडात तो मध्येच तुटतो. बटण पाठीवर नेले तर गिटारची वरची कड पुढे झुकते आणि फ्रेटबोर्ड वादकाला दिसेनासा होतो, हेही लक्षात ठेवावे.

काही रचनाकारांनी प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. नेड स्टाइनबर्गर यांनी १९८०च्या सुमारास हेडस्टॉकच नसलेला बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, आणला. खुंट्या ब्रिजच्या मागे गेल्या, धड एका लांबट डबीएवढे उरले, आणि पट्टा पाठीवरच्या फिरत्या पट्टीला अडकू लागला, त्यामुळे वाद्य ज्या कोनात ठेवावे त्या कोनात राहू लागले. केन पार्कर यांची १९९३ची फ्लाय गिटार पातळ लाकडावर कार्बन तंतूंचे कवच चढवून सव्वादोन किलोंच्या आसपास आणलेली होती. स्वीडनच्या ओला स्ट्रँडबर्ग यांच्या हेडस्टॉकविरहित गिटारीत धडाच्या कडांना असे खळगे आहेत, की ती मांडीवर एकापेक्षा अधिक प्रकारे बसते. या गिटारीही दिसायला विचित्रच आहेत. फरक इतकाच की त्यांचा आकार वादकाच्या अंगावरून घेतलेला आहे. अर्थात, स्टाइनबर्गरच्या त्या डबीवर उजवा हात टेकायला जागा कमीच, आणि मला स्वतःला ती उणीव शेवटपर्यंत जाणवत राहिली.

दुकानात अशी गिटार हाती आली, तर आवाज ऐकण्याआधी ती पट्ट्याने गळ्यात घालावी, शक्यतो गुळगुळीत पट्ट्याने, आणि दोन्ही हात हळूहळू बाजूला घ्यावेत. मान कुठे जाऊन थांबते ते पाहावे. मग खुर्चीवर बसून पहिल्या फ्रेटवर एक कॉर्ड धरावा, शेवटच्या फ्रेटपर्यंत जावे, आणि पाच मिनिटे उजवा हात कडेवर तसाच टेकून ठेवावा. दुकानदाराला हे नाटक वाटले तरी वाटू द्यावे.

माझ्या त्या गिटारच्या भारी खुंट्या मी काढल्या, जुन्या पुन्हा बसवल्या आणि पुढचे बटण वरच्या पंखाच्या पुढच्या खांद्यावर नेले. आता हात सोडला तर तिची मान किंचित वर राहते. जुन्या बटणाचे भोक मी आगकाडी आणि गोंद घालून बुजवले आहे. रंग काही जुळला नाही.

नमस्कार.