सणासुदीत चित्राला वेळ कुठून आणायचा?

नमस्कार मंडळी. आज रंगांविषयी थोडं आणि घराविषयी जास्त बोलणार आहे. कारण आश्विन लागला की चित्र काढणाऱ्या, गाणाऱ्या, लिहिणाऱ्या ओळखीच्या सगळ्या बायका एकच सांगतात: "एवढी दिवाळी होऊ दे, मग बसते." दिवाळी होते. मागोमाग तुळशीचं लग्न. ते झालं की देवळांच्या जत्रा लागतात, दशावतार, नाटकं, आणि तोवर घरात कुणाच्या तरी लग्नाच्या याद्या सुरू झालेल्या असतात. बसायचं राहून जातं ते थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत.

मी जलरंगात झाडंपानं रंगवते, तुम्हाला माहीत आहे. माझी सर्वात मनाजोगती चित्रं होतात ती ह्याच दिवसांत, घटस्थापनेपासून त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंत. हे कसं जमतं ते आज सविस्तर सांगते.

आधी दिवस मोजून घेऊ. आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत दीड महिना. त्यातली नवरात्राची नऊ रात्र, मग दसरा, पाच दिवसांनी कोजागिरी, तिथून पंधरवड्यात नरकचतुर्दशी. पाडवा-भाऊबीज झाली की कार्तिक द्वादशीला तुळशीचं लग्न. म्हणजे कोजागिरी आणि दिवाळीच्या मधे जवळपास दोन आठवडे, आणि भाऊबीज ते तुळशीचं लग्न हे नऊ-दहा दिवस तिथीच्या हिशेबाने मोकळे आहेत. मग ते भरल्यासारखे का वाटतात? कारण साफसफाई, खरेदी, फराळ, पाहुणे हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात चालू असतं. हात मोकळे असले तरी डोकं मोकळं नसतं. गोव्यात तर मोठा सण चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा; आपली दिवाळी खरी एका पहाटेची. तरी तिचं ओझं आपण महिनाभर वाहतो.

आता नवरात्र. ह्या दिवसांत फोंडा तालुक्यात तुम्ही आलात तर मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, कुठल्याही देवळात रात्री मखर बघायला गर्दी. देवाला सजवलेल्या मखरात बसवतात आणि वाद्यांच्या गजरात, आरतीच्या तालावर ते मखर झुलवतात. आमच्या घरातून रोज कुणी ना कुणी जातं. मी रोज जात नाही. नऊ रात्रींपैकी कुठल्या रात्री सगळ्यांनी मिळून जायचं ते आम्ही आधीच ठरवतो, आणि त्या रात्री मी मनापासून जाते, वही न घेता. बाकीच्या रात्री ज्याला जायचं तो जातो. हे सासूबाईंशी बोलून ठरवलं आहे. गुपचूप टाळणं आणि सांगून न जाणं ह्यात फार फरक आहे. सांगितलं की घर समजून घेतं. टाळलं की दुखावतं.

घरी रुजवण घालतो. देवापुढे मातीत धान्य पेरायचं आणि दसऱ्यापर्यंत राखायचं. ह्याचं रोज एक छोटं चित्र काढून बघा. पहिले दोन दिवस नुसती माती आणि फुगलेले दाणे. मग एकदम पांढरं टोक दिसतं, दुसऱ्या दिवशी ते वाकलेलं असतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सरळ.

[वही कॅमेऱ्याजवळ]

हा रंग बघा. पिवळट, जवळजवळ लोण्याचा. देवघरातल्या अंधारात कोंब वाढतात, आणि उजेड मिळाला नाही की पानात हरितद्रव्य तयार होत नाही. म्हणून रुजवण उंच, नाजूक आणि पिवळं. इथे हिरवा रंग हातात घ्यायचाच नाही. लिंबासारख्या पिवळ्यात पाणी भरपूर, आणि मुळाकडे गेरूचा अगदी हलका स्पर्श. माझा धाकटा रोज पट्टी घेऊन उंची मोजतो आणि चित्राखाली स्वतःच्या अक्षरात लिहितो. सांजवात लावल्यावर आम्ही दोघं तिथेच बसतो. त्याचा अभ्यास बुडत नाही, देवापुढे बसणं होतं, आणि माझ्या वहीत पान भरतं.

ह्याला मी सोबतीचा वेळ म्हणते. माणसं अवतीभवती असताना पेन्सिलीने रेखाटन होतं. कुणी हाक मारली, उठलात, परत आलात, तरी काही बिघडत नाही. रंग भरणं मात्र असं होत नाही. ओला रंग कुणासाठी थांबत नाही. त्याला एकटीचा वेळ लागतो. हे दोन वेळ वेगळे ओळखा, मंडळी. चिडचिड होते ती सोबतीच्या वेळात एकटीचं काम काढून बसलं की. मूल विचारत असतं, "आई, हे काय?" आणि आपल्या ब्रशाखालचा रंग सुकून त्याची कड बसलेली असते. त्यात मुलाचा काहीच दोष नाही.

एकटीचा वेळ कुठला? आपल्या गोव्यात तो आयता आहे. दुपारी जेवणं झाली की बाजारातली दुकानं बंद, रस्ता सुना, घरात सगळे आडवे. ती न्हीद, म्हणजे दुपारची झोप, आपली जुनी शिस्त आहे, आणि आळस म्हणून तिची चेष्टा केलेली मला आवडत नाही. त्या तासात आमच्या घरी मला कुणी उठवत नाही, कारण माझी जागा ठरलेली आहे: मागच्या खोलीतलं खिडकीखालचं टेबल. मी टेबलाशी बसलेली असताना चहाचं विचारायचं नाही, चावी विचारायची नाही. नैवेद्याची वेळ जशी घरात सगळ्यांना पाठ असते, तशी ही वेळ पाठ झाली पाहिजे. त्यासाठी ती रोज तीच हवी. आज दोनला, उद्या पाचला असं केलंत तर घराने लक्षात काय ठेवायचं? नोकरी करणाऱ्यांना दुपार मिळणार नाही, तेव्हा रविवारची दुपार घ्या, पण ठरवून घ्या आणि घरात मोठ्याने सांगा.

दसऱ्याला आपटा. दोन पाळ्यांचं पान, आणि देठाच्या एकाच ठिकाणाहून फुटून दोन्ही पाळ्यांत पसरणाऱ्या शिरा. आधी त्या शिरा काढा, कड नंतर. बाजारात पुष्कळदा आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं येतात. तीही दोन पाळ्यांची, पण मोठी. एक विनंती करते. सोनं म्हणून फांद्याच्या फांद्या ओरबाडू नका. एक पान देवापुढे, एक वडीलधाऱ्यांच्या हातात आणि एक वहीसाठी, एवढं पुरतं.

पान तोडलं की मिटायला लागतं, म्हणून सणाच्या साहित्याचा माझा क्रम असा आहे: जे लवकर कोमेजतं ते आधी. तुळशीची मंजिरी सर्वात आधी, मग आपटा. झेंडू दोन दिवस टिकतो. आवळा, सुपारी, कारीट ही फळं आठवडाभर वाट बघतात. हा क्रम लिहून टेबलावर लावून ठेवा. सणाच्या दिवशी सगळं काढलंच पाहिजे ही घाई त्याने जाते.

आता दिवाळीची पहाट, जिथे खरी कसोटी आहे.

आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुर उभे. लाकूड-बांबूचा सांगाडा, आत सुकं गवत, वर कागद, मुखवटा, पोटात फटाके. पोरं कितीतरी दिवस ते करत असतात आणि त्यातली कारागिरी मला मनापासून आवडते; बोटांची ठेवण, डोळे, दात ह्यांवर ही मुलं जी मेहनत घेतात ती कुठल्याही चित्रशाळेच्या तोडीची आहे. रात्रभर कानठळ्या बसवणारे भोंगे मात्र त्यात नसते तर बरं. पहाटेच्या आत नरकासुर जाळतात, मग तेल-उटणं, आंघोळ, तुळशीपुढे कारीट फोडणं, ओवाळणी. आणि मग फोव, म्हणजे पोहे.

फोव म्हणजे एक पदार्थ नव्हे. रोसातले, म्हणजे नारळाच्या गोड रसातले, ताकातले, तिखशे, बटाट्याचे, गूळखोबऱ्यात कालवलेले, आणि सोबत काळ्या वाटाण्यांची उसळ. आता हे सगळं पहाटे तयार हवं, तर रात्री झोपणार कोण? बहुतेक घरांत उत्तर एकच: घरातली बाई झोपत नाही. पोरं नरकासुर बघून दमून येतात, पुरुष त्यांना घेऊन आलेले असतात, आणि ताटं वाढायला एकटी उभी. मला हे मान्य नाही, आणि परंपरेच्या नावाने तर मुळीच नाही. जुन्या घरांत फोव कांडण्यापासून सगळं काम चार हातांनी, आठ हातांनी व्हायचं. एकटीने करायचा रिवाज एकत्र घरं सुटल्यावर आला. माणसं कमी झाली, पदार्थ तेवढेच राहिले.

आमच्याकडे आता प्रत्येक फोव कुणाचा ते ठरलेलं आहे. रोसातले सासूबाईंचे, त्यांच्या हाताची वेलची कुणाला जमत नाही. ताकातले थोरलीचे, फोडणीसकट. आदोळीवर, म्हणजे विळीवर, नारळ कांतायचे ते माझ्या नवऱ्याने, आदल्या संध्याकाळी, नरकासुर बघायला निघायच्या आधी. वाटाणे भिजत घालणं धाकट्याचं. तिखशे माझे. बटाट्याचे आम्ही बंद केले. सगळे प्रकार झालेच पाहिजेत असं कुठल्याही देवाने सांगितलेलं नाही. सासूबाईंना आधी ते पटलं नाही, आणि त्यांचं न पटणं मी समजू शकते. त्यांनी आयुष्यभर ते ताट भरलेलं पाहिलं आहे. म्हणून कुठला प्रकार सोडायचा ते त्यांनीच ठरवलं. सोडण्याचा अधिकार ज्याने ती गोष्ट जपली त्याच्याकडे असावा.

कारीट मात्र मी दरवर्षी रंगवते. हे बघा.

[कारीट हातात, जवळून]

अंड्यासारखं लंबगोल, पण लिंबाहून लहान, हिरव्यावर फिकट पट्टे. आधी सगळ्या फळावर पिवळट हिरव्याचा पातळ थर, जिथे उजेड पडतो तिथे कागद कोरा सोडून. तो पूर्ण सुकू द्या. पाऊस परतला तरी ह्या दिवसांत आपल्याकडची हवा दमट, कागद सावकाश सुकतो. पंख्याखाली ठेवा आणि तोवर दुसऱ्या पानावर जा. मग गडद हिरव्याचे पट्टे, देठापासून मधे आणि टोकापासून मधे, मधल्या भागात विरत गेलेले. सावलीला काळा घेऊ नका. त्याच हिरव्यात लाल चिमूटभर मिसळा, सावली जिवंत राहते. फळ पायाच्या अंगठ्याने फोडतात, त्याचा कडू थेंब जिभेला लावतात, म्हणून दोन आणायची: एक फोडायला, एक वहीला.

ह्या फळांची, पानांची नावं मला सांगतात त्या सासूबाई. मी पुस्तकातलं नाव शोधते, त्याच्या जोडीला त्या घरचं नाव सांगतात, कुठल्या आजारावर काय उगाळायचे तेही. इथे एक जुनी गोष्ट आठवते. 17व्या शतकात डच अधिकाऱ्याने मलबारच्या वनस्पतींवर "हॉर्टस मलबारिकस" हा 12 खंडांचा ग्रंथ करवला. 1678 ते 1693 ह्या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी कोचीला राहणाऱ्या रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट ह्या कोकणी वैद्यांनी झाडांची माहिती दिली, आणि त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेलं आहे. चित्र काढणारे हात वेगळे होते, झाड ओळखणारी माणसं वेगळी. तुमच्या घरात झाड ओळखणारं माणूस असेल तर त्याला टेबलाशी बोलवा. एकटीचा तास सोडून, अर्थात.

शेवटी तुळशीचं लग्न, आपली व्हडली म्हणजे मोठी दिवाळी. वृंदावन रंगवायचं, ऊस, दिंडा नावाच्या झुडपाची काठी, आवळा आणि चिंचेची फांदी खोवायची. चिंच दुपारीच काढून घ्या, कारण संध्याकाळ झाली की तिची पानं मिटतात आणि मग तुम्हाला नुसत्या काड्या दिसतील. आवळ्याची डहाळी फळासकट काढा. फळावरच्या उभ्या फिकट रेषा विसरू नका. वृंदावनाला रंग लावायचं काम मी मागून घेतलं आहे. घरातल्या सणातलं हेच एक काम असं, जे माझ्या छंदाने मला दिलं. गेरू आणि चुना, वरती वेलीची नक्षी. शेजारच्या मुली आदल्या दिवशी ब्रश घेऊन येतात आणि खालचा पट्टा त्या रंगवतात.

लग्नाच्या संध्याकाळी वही बंद. अंतरपाट, मंगलाष्टकं, चुरमुरे-बत्तासे, पोरांची धावपळ. माझ्या चिंचेचं रेखाटन दुपारीच झालेलं असतं. रंग दुसऱ्या दिवशी दोन वाजता, त्याच खिडकीखाली. आणि तीन दिवसांनी त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत दिव्यांनी सजलेल्या होड्या सोडतात, तिथे सगळ्यांनी मिळून जायचं आहे. त्या रात्रीसाठी छोटी वही आणि पेन्सिल एवढंच पिशवीत टाकते, रंग नाहीत.