बल्कांव मांडवीकाठचा

[दृश्य: पणजी, कांपालचा रस्ता. सकाळ. झाडांमागे बुटकी, पसरलेली इमारत.]

कला अकादमी, म्हणजे गोव्याचं नाटक-संगीताचं केंद्र, एकदम अंगावर येत नाही. झाडांच्या आडोशाला ती ऐसपैस बसलेली आहे. घुमट नाही, उंच कमान नाही. आधी भेटते ती सावली. डोक्यावर काँक्रीटच्या तुळयांची मोठी जाळी आणि पायाखाली उन्हाचे पट्टे. आता कुठेतरी दार लागेल, कुणीतरी विचारेल, असं वाटत राहतं. तुम्ही चालत राहता आणि समोर येते मांडवी नदी.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी या इमारतीचा आराखडा केला. जन्म 1930 चा, सिकंदराबादचा. मूळ मात्र गोव्यातलं. 1973 मध्ये हाती घेतलेलं हे काम 1983 मध्ये पुरं झालं.

सार्वजनिक इमारत ‘गोव्याची’ दिसावी म्हणून आजही सर्रास काय करतात? स्लॅबवर मंगळुरी कौलं चढवतात, खिडक्यांना कमानी काढतात, वर पिवळा रंग देतात. कोरियांनी कौल घातलं नाही. त्यांनी घराच्या दर्शनी भागाची नक्कल करण्याऐवजी त्या घरात माणसं कुठे बसतात ते पाहिलं.

[दृश्य: गावातलं जुनं घर. दारापुढे छपराखाली समोरासमोर दोन कट्टे.]

याला गोव्यात बल्कांव म्हणतात. पायऱ्या चढून वर यायचं आणि टेकायचं. पोदेर, म्हणजे पाववाला, पाव देऊन जातो, शेजारीण डोकावते, दुपार कलली की वारा येतो. हे ना घर, ना रस्ता. इथे बसणाऱ्याला ‘काय काम आहे?’ असं विचारायची पद्धत नाही.

कला अकादमीचा दर्शनी भाग म्हणजे अख्ख्या शहरासाठी बांधलेला बल्कांव आहे, असं मला मनापासून वाटतं. सावली देणारी जाळी, खालचा मोकळा फोयर आणि पलीकडे नदीकडे उघडणारी जागा. सावली आणि वारा इथल्या हवेचं औषध आहे, आणि ते इथे तिकिटाशिवाय मिळतं.

[दृश्य: भिंतीचा अगदी जवळून फोटो. चिऱ्यावरून फिरणारा हात.]

भिंतीला हात लावून पाहा. हा जांभा. भोकाभोकांचा, तांबडा, बोटांना किंचित रंग लावणारा. खाणीतून चिरा काढतात तेव्हा तो मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. कोकणातली घरं, गडगे, विहिरी, सगळं याचंच. नाटक बघायला आलेल्या सत्तरी किंवा पेडणे तालुक्यातल्या माणसाला ही भिंत परकी वाटत नाही. अशी भिंत त्याच्या गोठ्यालाही असते.

आत दीनानाथ मंगेशकर कला मंदिर. दीनानाथ गोव्यातल्याच मंगेशीचे, म्हणजे नाव शोधायला लांब जावंच लागलं नाही. सभागृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी जुन्या नाट्यगृहाचे सज्जे रंगवले आणि त्यांत माणसं बसवली. खेळाला गर्दी नसली तरी नटाला समोर गोवा बसलेला दिसतो. या रंगमंचावर मराठी नाट्यस्पर्धा होते, कोकणी होते, तियात्र हा गाण्यांचा कोकणी नाट्यप्रकारही होतो. भजनी मंडळं गावागावांतून येतात. सूरश्री केसरबाई केरकरांच्या नावाचा संगीत समारोहही इथेच भरतो.

याच काळात कोरियांनी भोपाळचं भारत भवन उभं केलं, 1982 चं. तिथे तळ्याकाठच्या उतारावर वरून प्रवेश आहे. गच्च्या उतरत, चौकांमधून आपण जणू जमिनीच्या पोटात शिरतो. माणूस तोच, दशक तेच, इमारतीही कलेसाठीच. पण मध्य प्रदेशातला कोरडा उन्हाळा आणि मांडवीकाठची दमट हवा यांना एक उत्तर चालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

[दृश्य: पाऊस. काँक्रीटवरून ओघळणारं पाणी, शेवाळाचे काळे डाग.]

आता दुखरी गोष्ट. जुलै 2023 मध्ये, नूतनीकरण चालू असताना, इथल्या खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. गोव्यात अनेकांना घरातलं कुणी पडावं तसं वाईट वाटलं. कारणांचा वाद मोठा आहे, तो इथे सोडवता येणार नाही.

पण एक सांगावंसं वाटतं. कोकणपट्टीत घर बांधून संपत नाही. मे उजाडला की शाकारणी निघते. माणूस कौलांवर चढतो, फुटकं कौल काढतो, नवं सरकवतो, पन्हळीतला पालापाचोळा उपसतो. सोप्याला माडाच्या झापांच्या झडी बांधतात. दरवर्षी, न चुकता. घर इथलं असतं ते या सवयीमुळेही. कौलारू छप्पर ती सवय आपोआप करून घेतं, कारण फुटलं की त्याच पावसात डोक्यावर ठिबकतं. काँक्रीट बरीच वर्षं गप्प बसतं. खारा वारा आत शिरतो, सळई गंजते, फुगते, आणि मग पापुद्रा सुटतो. कोरियांनी जागा इथली दिली, सावली इथली दिली; शाकारणी मात्र आपण द्यायची होती.

[दृश्य: संध्याकाळ. नदीकडची बाजू. निवेदन थांबतं, आवाज येऊ द्यावा.]

नोव्हेंबर 2023 मध्ये इमारत पुन्हा उघडली. नदीकडच्या बाजूला बसलं की फेरीबोटीचा भोंगा आजही ऐकू येतो. आत पखवाजाला कणीक लावून कुणी तो सुरात आणत असेल, तर तोही.