संत्र्याचा ताण

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. वरूडजवळची संत्र्याची बाग. मलूल पानं. बांधावर विहीर, मोटार बंद.)

अमरावती जिल्ह्यात वरूड-मोर्शीकडे किंवा नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडे मे महिन्यात गेलात, तर एखादी बाग पाहून वाटेल की मालकानं तिच्यावर पाणी सोडलंय. पारा ४५ अंशांवर. आळ्यातली माती फाटलेली. पानांच्या कडा आत वळलेल्या, बुंध्याशी पिवळ्या पानांचा सडा. विहिरीत पाणी आहे, तरी मोटार बंद. मालकाला विचारा. तो शांतपणे सांगतो, बाग ताणावर आहे.

मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची फुलं घ्यायची, तर संत्र्याला उन्हाळ्यात तहानलेलं ठेवावं लागतं. यालाच ताण म्हणतात. हलक्या जमिनीत तो महिनाभर पुरतो. भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने लागतात, कारण ती माती ओल सहजासहजी सोडत नाही. मग मृगाचा पाऊस आला की झाड फुलानं लदबदतं. पाणी तोडल्यानं फूल का यावं? याचं उत्तर पानात आहे.

(दृश्य: संत्र्याचं पान उलटं करून, जवळून.)

खताच्या पोत्याला आपण सवयीनं झाडाचं खाद्य म्हणतो. पोत्यात नत्र, स्फुरद, पालाश असतं. ते लागतंच, पण त्यात साखरेचा कण नसतो. संत्र्याच्या फोडीत उतरणारी सगळी साखर पानांत तयार होते, आणि तिचा कच्चा माल म्हणजे हवा आणि पाणी. हवेच्या दहा हजार भागांत कर्बवायू जेमतेम चार भाग. तो आत घ्यायला पानाला सूक्ष्म छिद्रं असतात, पर्णरंध्रं. संत्र्यात ती फक्त पानाच्या खालच्या बाजूला असतात. उन्हाच्या जोरावर हरितद्रव्य पाण्याचे रेणू फोडतं. त्यातला प्राणवायू बाहेर पडतो, आणि उरलेली ऊर्जा वापरून कर्बवायूची साखर बनते. तिच्यातली काही लगेच खर्च होते, काही पिष्टाच्या रूपात पानांत, फांद्यांत आणि मुळांत साठते.

अडचण अशी की ज्या छिद्रातून कर्बवायू आत येतो, त्याच छिद्रातून पाणी बाहेर जातं. आणि हा सौदा फार महाग पडतो. कर्बवायूचा एक रेणू मिळवताना पाण्याचे शेकडो रेणू उडून जातात. म्हणून वैशाखातल्या दुपारी ओलिताखालचं झाडसुद्धा रंध्रं बरीचशी मिटून घेतं. ऊन फुकट जातंय, असं आपल्याला वाटेल. पण संत्र्याच्या एका पानाला भर उन्हाचा साधारण तिसरा हिस्साच वापरता येतो. वरचं ऊन त्याच्या कामाचं नाही, उलट तापच. खरी कमाई सकाळी होते.

(दृश्य: वखर चाललाय. मातीतल्या भेगा.)

आता मोटार बंद केल्यावर काय होतं ते पाहू. माती वाळायला लागते आणि मुळांना ते सगळ्यात आधी कळतं. अॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं, पानांपर्यंत पोचतं आणि रंध्रं आणखी आवळली जातात. पण त्याच्याही आधी एक गोष्ट घडलेली असते: नवी वाढ थांबलेली असते. कोवळी पेशी मोठी व्हायला आतून पाण्याचा दाब लागतो, आणि तो जरा कमी झाला तरी नवती फुटणं बंद. साखर तयार होणं मात्र लगेच बंद पडत नाही. ते कमी होत होत बरेच दिवस चालू राहतं.

घरातला खर्च थांबला आणि मजुरी थोडी का होईना येत राहिली, तर गाठीला काही जमतंच. झाडाचंही तेच होतं. पाणी नाही, म्हणून नवी पानं नाहीत. नवी पानं नाहीत, म्हणून साखर फांद्यांत साठत जाते.

पूर्वी एवढ्यावरच सगळं समजावलं जायचं: साखर जास्त, नत्र कमी, म्हणून फूल. ते चूक नाही, अपुरं आहे. पान फांदीवरच्या डोळ्याला, म्हणजे कोंबाला, निरोपही पाठवतं. फुलण्याचा निरोप पानातून निघतो आणि कोंबापर्यंत जातो, ही कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाइल चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकात मांडली. त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी फ्लोरिजेन म्हटलं. ते पानात तयार होणारं एक प्रथिन आहे, हे कळायला पुढं सत्तरेक वर्षं गेली. लिंबूवर्गीय झाडांत हा निरोप दोन कारणांनी जोर धरतो. एक ताण. दुसरी थंडी.

(दृश्य: डिसेंबरची पहाट. धुक्यातली बाग.)

विदर्भात दोन बहार धरतात ते यामुळंच. मृग बहाराची फुलं जून-जुलैत, फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, आणि फळं दिवाळीच्या आगेमागे तोडणीला. आंबियालाही डिसेंबरात पाणी तोडतात, पण तिथं निम्मं काम थंडी करते. मृगाला तसा आधार नाही. तिथं सगळी मदार कोरड्या मातीवर.

ताण किती द्यायचा, हे कॅलेंडर सांगत नाही. दुपारी कोमेजलेलं पान सकाळपर्यंत सावरतं का, ते पाहावं लागतं. सावरत असेल तर ताण अजून बसलेला नाही. पानं पिवळी पडून थोडी गळू लागली की बसला. त्यापुढं ताणलं तर फांद्या वाळतात, आणि पुढं त्यांची सल काढत बसावं लागतं. ताण तोडतानाही घाई नको. पहिलं पाणी हलकं, मग वाढवत न्यायचं.

(दृश्य: सरळ वर गेलेले जोमदार, हिरवेगार फुटवे.)

हे जोमदार फुटवे पाहून नवखा माणूस खूश होतो. ते पानसोट. साठा खातात, फळ देत नाहीत. कात्री लावलेली बरी.

आणि मग मे महिन्यातला अवकाळी पाऊस. ताण अर्धवट बसलेला असताना एक दणकट सर आली की मुळं ओली होतात, संप्रेरकांचा तोल बदलतो आणि अडलेली वाढ मोकळी होते. फुलाऐवजी पालवी फुटते. साठवलेली साखर पानांवर खर्च होते. बाग हिरवीगार, आणि बहार गेला. काही जण सायकोसेलसारखं वाढरोधक फवारतात. ते झाडातल्या जिबरेलिनला रोखतं. हे संप्रेरक वाढीला पेटवतं आणि संत्र्याच्या फुलाला मागं सारतं. फवारणीनं कधी साधतं, कधी नाही, कारण एकदा भिजलेली माती औषधानं वाळत नाही.

अशा वर्षी बरेच बागायतदार मृगाचा नाद सोडतात. पावसाळ्यात पानं राखतात, पानसोट काढतात, आणि डिसेंबरच्या थंडीची वाट पाहत झाडाला आंबियासाठी तयार करतात.