गादी झिजली म्हणजे कंबर गेली असं नाही

नमस्कार मंडळी. आज कंबरेबद्दल बोलायचंय, म्हणजे खरं तर त्या एमआरआयच्या रिपोर्टबद्दल, जो घरी आला की आधी व्हॉट्सअ‍ॅपवर भाच्याकडे जातो, मग शेजारच्या काकांकडे, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलेलं असतं की वहिनींच्या मणक्यात गॅप आलाय. रिपोर्टात लिहिलेलं असतं डिजनरेटिव्ह डिस्क डिसीज, एल फोर एल फाइव्ह, एल फाइव्ह एस वन, म्हणजे कंबरेतल्या सगळ्यात खालच्या दोन गाद्या (दोन मणक्यांच्या मधल्या मऊ चकत्या, डिस्क) झिजल्यात. झालं, बाई अंथरूण धरते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि खरं सांगते, गादीपेक्षा त्या कागदाने आडवे केलेले पेशंट मी जास्त बघते.

जरा हे आकडे ऐका. २०१५ साली संशोधकांनी जुने सगळे अभ्यास गोळा करून ३,११० लोकांचे स्कॅन एकत्र बघितले, आणि हे सगळे असे होते की ज्यांची कंबर दुखतच नव्हती. तर त्यातल्या विशीतल्या पोरापोरींमध्ये ३७ टक्के जणांच्या गाद्या झिजलेल्या, पन्नाशीत ८० टक्के, आणि ऐंशीला पोचलेल्यांमध्ये ९६ टक्के! आणि यातल्या कुणालाच काही त्रास नाही. म्हणजे पन्नाशीच्या माणसाच्या रिपोर्टात झीज दिसली तर त्यात नवल कसलं, उलट नसती दिसली तर मी दोनदा बघितलं असतं.

मग दुखतं ते खोटं का? अजिबात नाही हो. गादीच्या बाहेरच्या कड्याला बारीक नसा असतात, तिथे चीर गेली, सूज आली की ती बोंब मारते, आजूबाजूचे स्नायू घट्ट होतात आणि वाकायचं म्हटलं तरी घाम फुटतो. पण हे दुखणं चढतं-उतरतं. गादी पुन्हा विशीतल्यासारखी होत नाही हे खरं, दुखणं मात्र बऱ्याच जणांचं बऱ्यापैकी कमी होतं, ते कसं ते सांगते.

गादीच्या आत जेलीसारखा भाग असतो, त्यात पाणी भरपूर, वय वाढलं की ते कमी होत जातं आणि गादी चपटी होते. आणि मोठ्या माणसाच्या गादीत आतपर्यंत रक्तवाहिन्या जातच नाहीत, तिला खाणंपिणं मिळतं ते वरच्या-खालच्या हाडातून झिरपून. दिवसभर वजन पडलं की पाणी बाहेर जातं, रात्री आडवं झालं की परत आत येतं, ओलं फडकं पिळून पाण्यात सोडावं तसं. म्हणूनच आपण सकाळी संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंटिमीटर उंच असतो, मोजून बघा हवं तर. आता सिगारेट-बिडीने नेमक्या या हाडाकडच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्यामुळे कंबरेसाठी गोळ्या मागणाऱ्याला मी आधी खिशातलं पाकीट काढायला लावते.

यातून एक फार कामाची गोष्ट निघते. सकाळी उठल्या उठल्या गादी फुगलेली, ताणलेली असते, तेव्हा खाली वाकणं तिला सगळ्यात जड जातं. आणि आपल्याकडे नेमकं काय चालतं, उठलं की केर काढा, बादली उचला, ओणवं होऊन फरशी पुसा! सकाळचं हे वाकणं टाळलेल्या लोकांचं दुखणं कमी झालं असं अभ्यासातही दिसलंय. तर तेवढा पहिला एक-दोन तास आधी चहा टाका, घरातल्या घरात फिरा, केर नंतर काढा, नाहीतर नवऱ्याला सांगा, त्याचीही कंबर बघून सांगा म्हणजे झालं.

आता बेडरेस्ट. १९८६ सालीच अमेरिकेत बघून झालंय, काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना सात, बरं होण्यात काही फरक नाही, फक्त दोन दिवसवाले कामावर लवकर गेले. म्हणजे इतकी वर्षं झाली तरी आपल्याकडे अजून महिनाभर झोपवतात. तीच गत फळीवर झोपायची. स्पेनमधल्या अभ्यासात झोपायच्या एकदम कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर लोकांना बरं वाटलं, त्यामुळे सासूबाईंनी गादी काढून चटई दिली असेल तर गादी परत घाला. बेल्टचं म्हणाल तर ब्रिटनच्या सरकारी गाइडलाइनमध्ये बेल्ट आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) दोन्ही देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. एसटीने खड्ड्यातून चार तास जायचंय तर लावा बापडे, मी भांडणार नाही, पण उतरल्यावर काढा.

करायचं काय तर चालायचं. दहा मिनिटांपासून सुरू, दर आठवड्याला थोडं वाढवायचं, आणि सोबत पोटाचे, पाठीचे, नितंबांचे व्यायाम, जे फिजिओकडून एकदा समोर करून घ्यावेत, यूट्यूब बघून सुरुवातीलाच ताकद दाखवू नये. व्यायामाने थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शांत झालं तर चालतं, त्याला घाबरून सोडू नका, जास्त वेळ राहिलं तर तेवढंच कमी करा. ऑफिसात ताठ बसा ताठ बसा असं सारखं सांगतात, त्यापेक्षा अर्ध्या तासाने उठा. आणि अमुक वजन उचललं म्हणून गादी गेली असं मनाला लावून घेऊ नका, फिनलंडमध्ये जुळ्या भावांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला त्यात कष्टाच्या कामापेक्षा आईबापाकडून आलेल्या गुणांचा वाटा बराच मोठा निघाला.

मात्र काही लक्षणं अशी आहेत की तिथे व्यायाम, शेक, माझं भाषण सगळं बाजूला ठेवायचं. लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलताना लुळं पडायला लागलं, तर गोळी खाऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा करा आणि जिथे मणक्याचं ऑपरेशन होतं अशा मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. कंबरदुखीबरोबर ताप, उगाच उतरणारं वजन किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.