राजकन्या किती मिनिटं?

अध्यक्ष महाराज, ग्रंथालयाचे पदाधिकारी, आणि एवढ्या थंडीत मफलर गुंडाळून आलेले तुम्ही सगळे, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'परीकथा, वर्ण आणि प्रेक्षक'. त्यातलं 'वर्ण' वाचून मघाशी दोघांनी मला विचारलं, स्वर-व्यंजनं आहेत का हो आज? चाळीस वर्षं मी मराठीच शिकवलं, तेव्हा त्यांचं काही चुकलं नाही.

मी बोलणार आहे एका कार्टून सिनेमाबद्दल. हसू नका. 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग', डिस्नेचा, २००९ च्या डिसेंबरातला. नातीमुळे मी तो चार वेळा पाहिलाय. त्यातले दोनदा नात झोपलेली होती. डिस्नेची हिमगौरी १९३७ ची. तिथून बहात्तर वर्षांनी त्यांच्याकडे पहिली काळी राजकन्या आली, टियाना. गाव न्यू ऑर्लिन्स, काळ १९२० च्या दशकातला. पोरगी हॉटेलात राबते, डब्यांत नाणी साठवते, स्वतःचं रेस्टॉरंट काढायचं म्हणते. बेडूक झालेला एक राजपुत्र तिला गाठतो आणि एक पापा दे म्हणतो. ती देते. पण ती खरी राजकन्या नसते, मैत्रिणीचा उसना झगा घालून उभी असते. म्हणून मंत्र उलटतो आणि तीच बेडकी होते. यावर अमेरिकेत जे रामायण झालं, ते माझं आजचं व्याख्यान. परीकथा गोळा करणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंची एक भिंतही आहे त्यात, ती शेवटी सांगते.

पण उसन्या झग्यावरून आठवलं.

आमच्या शाळेत गॅदरिंगला दर वर्षी एक राजकन्या असायची. राजकन्या म्हणजे गोरीपान, हे कुठल्या जीआरमध्ये लिहिलेलं नव्हतं, पण अंमलबजावणी कडक होती. माझा रंग तुम्हाला दिसतोच आहे. पुढच्या खुर्च्यांना तरी दिसतोय. मी तीन वर्षं झाड होते. एक वर्ष राक्षसीण, तेव्हा बाई म्हणाल्या, हिला मेकअप लागणार नाही. सहावीत असताना राजकन्येला गालगुंड झालं, दोन दिवस आधी. संवाद पाठ कुणाला? झाडाला! झाड मागे उभं राहून रोज ऐकत होतं ना. मग नाइलाजाने मला उभी केली आणि पावडरचा अख्खा डबा माझ्या तोंडावर रिकामा झाला. तोंड झालं, मान झाली, आणि पावडर संपली. हात राहिले. मी रंगमंचावर आले, माळ घालायला दोन्ही हात वर केले, आणि बायकांच्या बाजूने माझ्या आजीचा आवाज आला, "अगं, हात कुणाचे गं लावलेत तुला?"

सगळा मांडव हसला. तुम्हीही हसलात, हसा, पन्नास वर्षांनी मलाही हसू येतं. घरी जाताना मात्र मी आजीशी बोलले नाही. तिने वाटेत पदराने माझं तोंड खसाखसा पुसलं आणि म्हणाली, आता माझी नात दिसतेस. तेव्हा मला वाटलं, ही माझी राजकन्या पुसतेय. आजीला नाटक कळलं नाही असं मी पुष्कळ वर्षं सगळ्यांना सांगत आले. हा सिनेमा पाहताना वाटलं, त्या मांडवात नीट नाटक बघणारी ती एकटीच होती.

आता हे मी अमेरिकेला जोडते म्हणून कुणी म्हणेल, बाई, आपला रंग वेगळा, त्यांचा वंश वेगळा. अगदी मान्य. आपल्याकडे एकाच घरात एक भाऊ गोरा, एक सावळा निघतो. त्यांच्याकडे रंगावरून ट्रॅममधली जागा कायद्याने ठरत होती. दोन्हींची खिचडी करू नये. तरी एकमेकांकडे बघायला हरकत नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना, आणि त्यासाठी त्यांना अमेरिकेचं तिकीट काढावं लागलं नव्हतं.

ही चिठ्ठी आली बघा. 'दहा मिनिटे.' दहा मिनिटं झाली की दहा उरली? उरली. बरं. म्हणजे झाडाने वेळ खाल्ला. आता भराभर सांगते.

पहिली तक्रार सिनेमा यायच्या आधीच झाली. सुरुवातीच्या बातम्यांत नायिकेचं नाव होतं मॅडी, आणि ती गोऱ्या घरातली मोलकरीण. जुन्या अमेरिकेत गोऱ्यांची पोरं सांभाळणाऱ्या काळ्या बाईला 'मॅमी' म्हणत, त्याला हे नाव फार जवळचं. लोक चिडले. मॅडीची टियाना झाली, मोलकरणीची वेट्रेस झाली, सिनेमाचं आधीचं 'द फ्रॉग प्रिन्सेस' हे नावही गेलं. उगाच कुरकुर करतात म्हणणाऱ्यांनी बघावं, कुरकुरीने पटकथा सुधारली.

दुसरी तक्रार राजपुत्राची. त्याचं नाव नवीन. खरंच, नवीन! मालडोनिया नावाच्या काल्पनिक देशाचा, गव्हाळ रंगाचा, आवाज ब्राझीलच्या नटाचा. आपल्याला वाटतं, वा, आपल्यातला दिसतो. पण तिथल्या काळ्या प्रेक्षकाने विचारलं, पहिल्यांदा आमची राजकन्या झाली, तर राजपुत्र आमचा का नाही? उलट काही म्हणाले, चालेल, जग मिसळतंय. माझं मत? त्या काळी लुइझियानात, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या राज्यात, काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला कायद्याने बंदी होती. चित्रकर्त्यांनी रंग ठरवलाच नाही, देशच नकाशाबाहेरचा घेतला, आणि प्रश्नातून सुटले. हुशारी आहे, पण पळवाटीची.

तिसरी, इतिहासाची. मला हीच सर्वांत महत्त्वाची वाटते आणि हिलाच वेळ नाही. कायद्याने काळा ठरलेला होमर प्लेसी न्यू ऑर्लिन्समध्येच १८९२ साली रेल्वेत गोऱ्यांच्या डब्यात बसला, आणि १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळे डबे कायदेशीर ठरवले. सिनेमात त्यातलं काय आहे? जागा विकणारे दोघे टियानाला गोड हसून सांगतात की तुझ्यासारख्या पार्श्वभूमीच्या बाईला एवढा व्याप झेपला नसता. संपलं. एक शब्द, पार्श्वभूमी. तुम्ही शहरात भाड्याने घर बघायला गेलात की समोरचा गोड हसून आडनाव विचारतो ना, तसं. बरं, टियाना जिच्यावरून सुचली त्या लिआ चेसबाईंच्या हॉटेलात, त्याच न्यू ऑर्लिन्समध्ये, १९६० च्या दशकात काळे-गोरे कार्यकर्ते एका टेबलावर गंबो, म्हणजे तिथलं दाट कालवण, खात समान हक्कांची चळवळ आखत होते, आणि तसं एकत्र बसणं बेकायदेशीर होतं. म्हणजे खरी बाई सिनेमातल्या बाईपेक्षा जास्त नाट्यमय. तिच्याकडून त्यांनी गंबो घेतला आणि टेबल तिथेच ठेवलं.

आणि बेडूक. ९७ मिनिटांचा सिनेमा, अर्ध्याहून अधिक वेळ नायिका हिरवी. पहिली काळी राजकन्या, आणि आमच्या मुलींनी बघायचा बेडूक? दिग्दर्शकाच्या बाजूचे म्हणतात, अहो, परीकथेत रूप बदलतंच. बदलतं. पण गोऱ्या राजकन्येचा हंस झाला तरी शेल्फवर दहा गोऱ्या राजकन्या उरतात. हिचा बेडूक झाला की शेल्फ रिकामं. म्हणून प्रेक्षक घड्याळ लावून बसला. आजीने हात मोजले, यांनी मिनिटं मोजली.

घंटा वाजली, ऐकली. भिंत तेवढी सांगते. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातली पहिलीच गोष्ट ही बेडूक-राजपुत्राची, आणि तिच्यात पापाबिपा काही नाही. राजकन्या वैतागून बेडकाला उचलते आणि भिंतीवर आपटते, तेव्हा त्याचा माणूस होतो. हसा, पण बघा, त्यात तिचा चेहरा एक क्षणही जात नाही. सोसायचं ते बेडकाने. उसन्या झग्याचा विनोद सुचला म्हणून सिनेमावाल्यांनी ते उलटवलं. विनोद चांगला आहे, मीही हसले. फक्त नेमकी हीच पोरगी सापडली त्यांना.

हो, हो, उतरते. सिनेमा पाहिलात तर सुरुवातीचं ट्रॅमचं दृश्य चुकवू नका. आई आणि छोटी टियाना श्रीमंताच्या घरून निघतात, खिडकीतून हवेल्या मागे पडतात आणि बुटकी घरं लागतात. कुणी एक अक्षर बोलत नाही. माझी नात तिथे दर वेळी जागी असते.