सिस्टर, घोटभर चहाच घेतला होता

नमस्कार श्रोतेहो, आणि रेडिओ लावून भाकरी थापत बसलेल्या माझ्या बायांनो, तुम्हाला पण नमस्कार. मी सिस्टर आहे, म्हणजे आता रिटायर झाले, पण ३२ वर्षं नोकरी केली मराठवाड्यातच, त्यातली जास्त वर्षं ओटीत, ओटी म्हणजे ऑपरेशनची खोली. आज ऑपरेशनच्या आधी, ऑपरेशनच्या वेळी आणि नंतर पेशंटची काळजी कशी घ्यायची यावर बोलायचंय, आणि माझं मुख्य सांगणं एकच आहे, दवाखान्यात काही लपवू नका.

सुरुवात चहापासून करते. एक आजोबा होते, हर्नियाचं ऑपरेशन, रात्रीपासून उपाशी ठेवलेले. सकाळी टेबलावर घ्यायच्या आधी मी विचारलं, बाबा सकाळी काही खाल्लं-पिलं का, तर म्हणले न्हाई. बाहेर त्यांची सून उभी होती, ती हळूच म्हणली, सिस्टर, मामांनी घोटभर चहाच घेतला होता, त्यांना करमतच न्हाई चहाबिगर. झालं, ऑपरेशन पुढं ढकललं आणि सगळे नातेवाईक आमच्यावर चिडले, पण त्या सुनेनं सांगितलं म्हणून बाबा वाचले असं मी आजही म्हणते. कारण बघा, पूर्ण भूल दिली की माणसाचा ठसका बंद होतो, आणि पोटात काही असलं तर ते वर येऊन श्वासनळीतून थेट फुफ्फुसात जाऊ शकतं, आणि मग ते निस्तरणं लई अवघड. म्हणून हलकं खाणं ६ तास आधी बंद, तळलेलं, मटण असं जड असलं तर ८ तास, आणि नुसतं साधं पाणी बहुतेकांना २ तास आधीपर्यंत चालतं, तरी तुमच्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी जी वेळ सांगितली तीच पाळायची. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यासारखाच धरायचा. आणि चुकून घेतलाच तर सांगा, कुणी मारत नाही तुम्हाला.

तसंच गोळ्यांचं. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, शुगरची आहे, बीपीची आहे, पिशवीच घेऊन या सगळी, आणि आपल्या मनानं बंद पण करू नका, कोणती थांबवायची ते डॉक्टर सांगतात. तंबाखू, बिडी, मिश्री, दारू हेही सांगा. बाया मिश्रीचं सांगतच नाहीत, लाजतात. जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र काढा म्हणलं की बायांच्या डोळ्यात पाणी येतं, मला कळतं ते, पण आत करंटची मशीन वापरतात आणि अंगावरच्या धातूनं चटका बसायची भीती असते. जोडवी निघत नसली तर आम्ही साबण लावून हळू काढतो आणि घरच्यांच्या हातात देतो.

आत गेल्यावर नाव काय, कशाचं ऑपरेशन, कोणत्या बाजूचं, हे दोन-तीनदा विचारतात. लोक वैतागतात, कितीदा विचारायलेत म्हणून. अहो, जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली १९ गोष्टींची एक यादीच काढली, भूल द्यायच्या आधी, चिरा द्यायच्या आधी आणि पेशंटला बाहेर काढायच्या आधी असं तीनदा थांबून ती तपासायची. टाके घालायच्या आधी आम्ही मॉप, गॉज (म्हणजे रक्त टिपायचे कापडाचे तुकडे), सुया मोजतो, आत काही राहू नये म्हणून, एक जरी कमी निघाला तरी सगळे थांबतात, मोठे सर्जन असले तरी थांबतात.

आता नंतरचं. दुखत असेल तर सांगा. आपल्याकडच्या बाया दात खाऊन पडून राहतात, आणि दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाहीत, खोकत नाहीत, मग छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. डॉक्टर उठून चाला म्हणले की चालायचं, पडून राहिलं की पायाच्या नसांत रक्ताच्या गाठी होतात. भातानं टाके पिकतात हे खरं नाही हो! डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे द्या, जखम भरायला तेच लागतं. टाक्यावर हळद, राख काही लावायची नाही. ताप आला, टाक्यातून पू आला, पोटरी सुजून दुखायला लागली किंवा दम लागला तर तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा, १०८ ला फोन लावा.

आणि एक गोष्ट मला मनापासून बोलायचीय. आमच्या बीडकडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांचा विषय २०१९ मध्ये लई गाजला, चौकशी समिती बसली. ऑपरेशन खरंच लागतंय का हे दुसऱ्या डॉक्टरला जरूर विचारा. पण झालंच, तर पुढचे साधारण ६ आठवडे जड उचलायचं नाही. १५ लिटरची घागर म्हणजे १५ किलो झाले, उसाची मोळी तर त्याहून जड. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात म्हणून बाई टाके ओले असताना फडात जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. बाळंतिणीचा सव्वा महिना आपण पाळतो ना, मग हा दीड महिना का नाही पाळायचा?

डिस्चार्जच्या दिवशी मी नवऱ्यालाच कॉटपाशी बोलवून घ्यायचे. एकदा आषाढी नुकतीच झालेली, एकाला मी सहा आठवडे कॅलेंडरवर मोजून दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला आणि बायकोला म्हणला, "पोळ्यापस्तोर हापशावर मी जातो, तू घागरीला हात लावू नको."